वाहत्या तेलाचा तिमाही हिशेब

टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळ कलोनियल पाइपलाइनमध्ये शिरलेले पेट्रोल न्यूयॉर्क बंदराच्या परिसरात पोहोचायला सरासरी १८ दिवसांहून थोडा अधिक काळ घेते. पोलादी नळीतला माल माणसाच्या भरभर चालण्याच्या किंवा संथ धावण्याच्या वेगाने पुढे सरकतो. त्यामुळे २० मार्चला निघालेला माल ३१ मार्चच्या मध्यरात्री, तिमाही संपते त्या क्षणी, वाटेतल्या कुठल्यातरी राज्यात जमिनीखाली असतो. त्या क्षणी पंप थांबत नाहीत, झडपा मिटत नाहीत. पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन असे निरनिराळे माल, निरनिराळ्या मालकांचे, मध्ये कसलाही पडदा नसताना एकामागोमाग ढकलले जात असतात. तरीही लेखापालाला त्या एका क्षणाचा ताळेबंद मांडावा लागतो. नळीत किती माल आहे, तो कोणाचा आहे, त्याच्या वाहतुकीचे किती भाडे कमावून झाले आणि किती कमवायचे राहिले, हे सगळे आकड्यांत सांगावे लागते. मोठ्या नोंदणीकृत संस्थेला हे काम तिमाही संपल्यापासून ४० दिवसांत पुरे करावे लागते.

वर्ष पुरे होण्याआधी जाहीर होणाऱ्या अशा हिशेबाला अंतरिम आर्थिक अहवाल म्हणतात. तो तर बाजारात नोंदलेल्या सगळ्याच कंपन्या देतात. पण अमेरिकेतल्या ऊर्जावाहिनी भागीदाऱ्यांच्या बाबतीत त्याला वेगळेच वजन आहे. तिथे दर तिमाहीला साठलेली रोकड भागीदारांना वाटून टाकण्याची अट भागीदारीच्या करारातच असते. तिमाहीचा आकडा चुकला तर नुसता कागद चुकत नाही, वाटायला नको होता तो पैसा वाटला जातो. म्हणून या संस्थांचे तिमाही अहवाल आणि त्यामागची लेखामानके हा मला जमाखर्चाच्या शास्त्रातला अत्यंत विलक्षण प्रांत वाटतो.

भागीदारी, पण बाजारातली

१९८१ साली अपाचे या तेल-उत्पादक कंपनीने आपले अनेक तेल-उपक्रम एकत्र करून एक भागीदारी उभारली आणि तिचे हिस्से शेअरबाजारात आणले. ही पहिली मास्टर लिमिटेड पार्टनरशिप, म्हणजे एमएलपी. तिच्या हिश्शाला शेअर म्हणत नाहीत, युनिट म्हणतात. कंपनीच्या नफ्यावर आधी कंपनी कर भरते आणि मग लाभांशावर भागधारक पुन्हा कर भरतो. भागीदारीला स्वतःचा संघीय आयकर नसतो. नफा भागीदारांच्या नावे विभागला जातो आणि ज्याने-त्याने आपापला कर भरायचा असतो.

या सवलतीचा मोह अनेकांना पडला. १९८६ साली बॉस्टन सेल्टिक्स हा बास्केटबॉल संघसुद्धा भागीदारी म्हणून न्यूयॉर्क शेअरबाजारात दाखल झाला. महसूल हातचा जाईल या धास्तीने अमेरिकी काँग्रेसने १९८७ साली कायदा केला. बाजारात नोंदलेल्या भागीदारीला कंपनीप्रमाणेच कर लागेल असे त्यात ठरले. अपवाद ठेवला तो ढोबळ उत्पन्नापैकी किमान ९० टक्के उत्पन्न ठरावीक प्रकारांतून मिळवणाऱ्या भागीदारीचा. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचे उत्पादन, शुद्धीकरण, वाहतूक आणि साठवण या प्रकारांत बसते. आधीपासून नोंदलेल्या भागीदाऱ्यांना १९९७ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. त्यानंतर हे क्षेत्र मुख्यतः तेल-वायूवाल्यांचे उरले आणि त्यातही पाइपलाइनवाल्यांचे.

पाइपलाइनला ही रचना फार सोयीची होती. एकदा नळी टाकली की ती कित्येक दशके चालते, भाडे नियमित येते, आणि तेलाचा भाव वर गेला की खाली आला याची झळ भाड्याला थेट लागत नाही. बकआय पार्टनर्सचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. बकआय पाइपलाइन कंपनी १८८६ साली ओहायोत रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलची वाहिनी म्हणून स्थापन झाली. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे झाले तेव्हा ती वेगळी निघाली. १९८६ साली ती भागीदारी होऊन बाजारात आली आणि २०१९ साली आयएफएम या ऑस्ट्रेलियन गुंतवणूक संस्थेने तिला विकत घेतले, तेव्हाच बाजारातून बाहेर पडली. म्हणजे जवळजवळ ३३ वर्षे तिने तिमाहीमागून तिमाही आपला हिशेब जगापुढे ठेवला.

अशा भागीदारीची घडण नेहमीच्या कंपनीहून फार वेगळी असते. हजारो युनिटधारक हे मर्यादित भागीदार असतात. पैसा त्यांचा, पण कारभारात त्यांना जवळपास आवाज नसतो. कारभार पाहतो तो सर्वसाधारण भागीदार. परंपरेने त्याचा हिस्सा अवघा २ टक्के असे. शिवाय त्याच्याकडे प्रोत्साहनपर वाटपाचे हक्क असत. युनिटमागे वाटप ठरावीक पायरीच्या वर गेले की वरच्या रकमेतला मोठा वाटा त्याला मिळे, आणि शेवटच्या पायरीवर तो निम्म्यापर्यंत जाई. बहुतेक भागीदाऱ्यांना स्वतःचे संचालक मंडळ नसते, नोकरही नसतात. सगळी माणसे सर्वसाधारण भागीदाराची. तिमाही अहवालावर सह्या करणारे मुख्य अधिकारीसुद्धा त्याचेच.

रिचर्ड किंडर यांनी या रचनेची ताकद अचूक ओळखली. एन्रॉन सोडल्यावर त्यांनी विल्यम मॉर्गन यांच्या साथीने एन्रॉन लिक्विड्स पाइपलाइन ही छोटी भागीदारी चालवणारा सर्वसाधारण भागीदार सुमारे ४ कोटी डॉलरला घेतला. १९९७ साली तिथून किंडर मॉर्गनची सुरुवात झाली. २०१४ साली त्या समूहाने आपल्या भागीदाऱ्या एकाच कंपनीत विलीन केल्या तेव्हा तो व्यवहार कर्जासकट सुमारे ७,००० कोटी डॉलरचा होता.

तिमाही कुठून आली

अमेरिकेचा रोखे बाजार कायदा १९३४ चा. त्यातून रोखे आयोग, म्हणजे एसईसी, जन्माला आला. वार्षिक अहवाल सक्तीचा झाला, पण वर्षाच्या मधल्या हिशेबाला बराच वेळ लागला. १९५५ साली सहामाही अहवाल आला आणि १९७० साली तिमाही अहवालाचा नमुना, १०-क्यू. पहिल्या तीन तिमाहींना १०-क्यू आणि चौथ्या तिमाहीसकट सगळ्या वर्षाला १०-के, असा क्रम तेव्हापासून चालू आहे.

अहवाल सक्तीचा केला, पण त्यात आकडे कोणत्या नियमाने घालायचे? हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. तिमाही ही स्वतंत्र मुदत समजायची की वर्षाचा एक तुकडा? टेक्सासमध्ये मालमत्ता कराची आकारणी वर्षातून एकदा होते. त्याची सगळी रक्कम बिल येईल त्या तिमाहीवर टाकली तर ती तिमाही विनाकारण वाईट दिसेल आणि बाकीच्या तीन विनाकारण चांगल्या. १९७३ साली अमेरिकेच्या लेखातत्त्व मंडळाने आपल्या २८ व्या मतपत्रात उत्तर दिले की अंतरिम मुदत हा वर्षाचा अविभाज्य भाग आहे. म्हणून वर्षभराला लाभ देणारा खर्च तिमाहींमध्ये वाजवी रीतीने वाटता येतो. उलट, आंतरराष्ट्रीय लेखामानक ३४ १९९८ साली आले. त्याचा कल तिमाहीला स्वतंत्र मुदत मानण्याकडे आहे. जे वर्षअखेरीला मालमत्ता किंवा देणे ठरणार नाही, ते तिमाहीअखेरीलाही ठरत नाही.

हा फरक नुसता पंडिती नाही. पाइपलाइन संस्थेने उन्हाळ्यात साठवलेल्या प्रोपेनचा भाव जूनअखेरीला खरेदीच्या खाली गेला, पण हिवाळ्यात तो परत चढेल अशी रास्त अपेक्षा आहे असे समजा. अमेरिकी नियमानुसार त्याच आर्थिक वर्षात भरून निघण्याजोगी ही घट जूनच्या तिमाहीत दाखवायलाच हवी असे नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती दाखवावी लागते, आणि भाव चढला की पुढच्या तिमाहीत उलट नोंद करावी लागते. माल तोच, बाजार तोच, जूनचा नफा मात्र वेगळा.

एका बाबतीत दोन्ही परंपरा एकमताच्या आहेत. सप्टेंबरमध्ये पंपिंग स्टेशनची मोठी दुरुस्ती ठरली आहे म्हणून मार्चमध्येच तिची तरतूद करून नफा सपाट दाखवता येत नाही. अमेरिकेत पूर्वी ही सूट होती. २००६ साली वित्तीय लेखामानक मंडळाने ती वार्षिक आणि अंतरिम दोन्ही हिशेबांसाठी बंद केली. मला हा निर्णय योग्य वाटतो. दुरुस्तीचा खर्च उंचसखल येत असेल तर वाचणाऱ्याला तो तसाच दिसला पाहिजे.

नळीच्या पोटातला माल

आता या हिशेबातल्या सर्वांत रंजक भागाकडे येऊ. पाइपलाइन चालायची तर आधी ती भरावी लागते. अलास्कातली ट्रान्स-अलास्का पाइपलाइन सुमारे १,२९० किलोमीटर लांब आणि ४८ इंच व्यासाची आहे. २० जून १९७७ रोजी प्रुडो बेकडून तिच्यात तेल सोडले, ते व्हाल्डीझ बंदराला पोहोचले २८ जुलैला. नळी काठोकाठ भरायला सुमारे ९० लाख पिंपे तेल लागते. हे तेल जोवर पाइपलाइन चालू आहे तोवर बाहेर काढता येत नाही, कारण ते काढले तर मागचा माल पुढे जाणार नाही. पाइपलाइनवाल्यांच्या बोलीत याला लाइनफिल म्हणतात.

मग हे तेल ताळेबंदात कुठे दाखवायचे? विक्रीसाठी ठेवलेला माल म्हणावे तर ते विकता येत नाही. म्हणून जे लाइनफिल भागीदारीच्या स्वतःच्या मालकीचे असते आणि वाहिनी चालवण्यासाठी कायमचे अडकलेले असते, ते दीर्घकालीन मालमत्तेत दाखवण्याची रीत आहे. वायूच्या भूमिगत साठ्यातही असाच एक थर असतो. दाब टिकवण्यासाठी तो आत ठेवावाच लागतो, आणि त्याचीही गणना स्थिर मालमत्तेत होते. जे तेल दुसऱ्यांचे असते ते भागीदारीच्या ताळेबंदात येतच नाही. एकाच नळीत, एकाच क्षणी, एका मालाचा काही भाग पोलादाशेजारी स्थिर मालमत्ता म्हणून बसतो, काही भाग विक्रीयोग्य साठा म्हणून, आणि काही भाग हिशेबाबाहेर राहतो. डोळ्यांना मात्र सगळे तेल एकसारखे.

मोजणीचेही तसेच. तेल तापले की फुगते. त्यामुळे अमेरिकेत पिंपांची गणना ६० अंश फॅरनहाइट या प्रमाण तापमानाला आणून केली जाते. एवढे करूनही घातलेला आणि काढलेला माल तंतोतंत जुळत नाही. काही बाष्प होऊन उडतो, काही मापकांच्या अचूकतेच्या मर्यादेत हरवतो. म्हणून दरपत्रकातच घटीपोटी एका टक्क्याहूनही लहान असा अंश कापून घेण्याची तरतूद असते. प्रत्यक्ष घट त्याहून कमी झाली तर उरलेले तेल वाहिनीच्या मालकाचे, आणि ते विकून आलेला पैसा हे त्याचे उत्पन्न. तेलाचा भाव चढला की एक पिंपही जास्त न वाहता हे उत्पन्न वाढते. अहवालात ते वेगळे दाखवले आहे का, हे मी नेहमी पाहतो.

ही मोजमापे मध्यरात्री मुख्यालयात येऊन पडत नाहीत. शेकडो मोजणीकेंद्रे, इतर मालकांच्या जोडवाहिन्या, संयुक्त उपक्रमांचे चालक यांच्याकडून नक्की आकडे यायला कित्येक दिवस लागतात. एंटरप्राइझ प्रॉडक्ट्स पार्टनर्स १९९८ साली बाजारात आली. आज तिच्याकडे ८०,००० किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाहिन्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात शेवटच्या महिन्याचे काही उत्पन्न आणि खर्च अंदाजाने धरावे लागतात, आणि प्रत्यक्ष आकडे आले की पुढच्या महिन्यात अंदाज उलटवून खरे आकडे लिहिले जातात. वार्षिक हिशेबातही हे होते. पण अंदाजाची रक्कम तेवढीच असली तरी बारा महिन्यांच्या मानाने ती लहान ठरते आणि तीन महिन्यांच्या मानाने मोठी. अंतरिम अहवालात अंदाजाचा वाटा अधिक असतो तो यामुळे. लेखातत्त्व मंडळाने आणि आंतरराष्ट्रीय मानकानेही ही गोष्ट उघड मान्य केली आहे.

रोकड आली, उत्पन्न आले नाही

आता भाड्याकडे. नवी पाइपलाइन टाकण्याआधी मालक तेल-उत्पादकांशी वर्षानुवर्षांचे करार करतो. ठरलेला किमान माल पाठवा, नाही पाठवला तरी फरकाचे पैसे भरा, असे त्यात असते. हमीपोटी बँक कर्ज देते आणि पोलाद जमिनीत जाते. पण कित्येक करारांत कमी माल पाठवणाऱ्याला हक्क असतो की भरलेल्या पैशांपोटी पुढच्या काही महिन्यांत जादा माल पाठवून तूट भरून काढावी.

लेखामानकाचा प्रश्न इथे सुरू होतो. उत्पादकाने मार्चमध्ये तुटीचे पैसे भरले. रोकड भागीदारीच्या खात्यात पडली. पण सेवा देणे अजून बाकी आहे, कारण तो उद्या माल घेऊन येऊ शकतो. उत्पन्नाबाबतचे नवे अमेरिकी मानक २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि मोठ्या संस्थांना २०१८ पासून लागू झाले. त्यानुसार ही रक्कम तोवर देणे म्हणून ठेवावी लागते. उत्पादकाने हक्क वापरला, किंवा हक्काची मुदत संपली, की ती उत्पन्नात येते. तो हक्क वापरणारच नाही असे पुराव्यानिशी सांगता आले तर काही भाग आधी उत्पन्नात धरता येतो. एकाच पैशाची दोन रूपे होतात. भागीदारांना वाटण्याच्या दृष्टीने तो हातात आहे, नफ्याच्या दृष्टीने तो अजून कमावलेला नाही.

याच फटीतून या व्यवसायातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी समजलेली संज्ञा आली: वितरणयोग्य रोकड. पाइपलाइनचा घसारा प्रचंड असतो, कारण पोलादाची किंमत कित्येक दशकांवर पसरून खर्ची टाकली जाते. पण त्या तिमाहीत त्यासाठी रोकड बाहेर जात नाही. तिमाहीचा निव्वळ नफा १०० आणि घसारा ६० आहे असे समजा. वाहिनी आहे त्या अवस्थेत राखण्यासाठी १५ खर्च झाले. तर वाटता येण्याजोगे १४५ उरतात. नफ्यापेक्षा वाटप जास्त. भागीदारीच्या ताळेबंदात कंपनीसारखी राखीव नफ्याची ओळ नसते, भागीदारांचे भांडवल असते. नफ्याने ते वाढते, वाटपाने घटते. वर्षानुवर्षे नफ्यापेक्षा जास्त वाटले तर नव्या युनिटांची विक्री झाल्याखेरीज ते भांडवल आटत जाते. मिळालेल्या वाटपातला मोठा भाग करकायद्याच्या दृष्टीनेही उत्पन्न नसून गुंतवणुकीची परतफेड धरला जातो, आणि ते तपशील प्रत्येक युनिटधारकाला के-१ या पत्रकातून कळवले जातात.

यात लबाडी नाही. मात्र १५ चा आकडा कोण ठरवतो, हे विचारलेच पाहिजे. एखादा खर्च जुन्या वाहिनीच्या देखभालीचा की क्षमता वाढवण्याचा, ही सीमा व्यवस्थापन आखते. देखभालीतून विस्ताराकडे खर्च सरकवला की वितरणयोग्य रोकड वाढलेली दिसते. ही संज्ञा लेखामानकांत नाही, आणि प्रत्येक भागीदारीची व्याख्या तिची स्वतःची असते. २००३ पासून एसईसीची एवढी सक्ती आहे की असा आकडा दिला तर तो मानकांतल्या जवळच्या आकड्याशी ओळीओळीने जुळवून दाखवायचा. ती जुळवणी हे माझ्या मते तिमाही पत्रकाचे सर्वांत मोलाचे पान आहे.

सौदे, गळती आणि दूरचे देणे

टेक्सासमध्ये माँट बेल्व्हिऊ इथे मिठाच्या भूमिगत घुमटांत खोदलेल्या पोकळ्यांमध्ये प्रोपेन आणि तत्सम द्रव साठवले जातात. उन्हाळ्यात घेतलेला माल हिवाळ्यात विकायचा आणि मधला भावाचा धोका वायद्याच्या सौद्याने झाकायचा, ही जुनी रीत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखामानकाने असे सौदे बाजारभावाने ताळेबंदात आणले. आता सप्टेंबरअखेरीला भाव चढला तर वायद्यावरचा तोटा लगेच दिसतो, पण पोकळीतल्या मालावरचा नफा तो जानेवारीत विकल्यावरच. सौदा आणि माल एकमेकांशी जोडल्याची कागदपत्रे आधीपासून नीट केली असतील तर मानक तो तोटा विक्रीपर्यंत बाजूला ठेवू देते. कागदपत्रे नसतील तर धंद्यात काहीही न बिघडता तिमाही तोट्यात दिसते.

अंतरिम हिशेबाची खरी कसोटी अपघातात लागते. १९ मे २०१५ रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ प्लेन्स ऑल अमेरिकन या भागीदारीची लाइन ९०१ ही वाहिनी बाहेरून गंजल्यामुळे फुटली. तेल रेफ्युजिओच्या किनाऱ्यावर आणि समुद्रात गेले. तिमाही संपायला ४२ दिवस उरले होते. किती तेल सांडले याचा अंदाजच पुढे बदलत गेला आणि अखेर संघीय तपासात २,९३४ पिंपांचा आकडा निघाला. स्वच्छता, दंड, मच्छीमारांची आणि मालमत्ताधारकांची भरपाई यांची बिले तर वर्षानुवर्षे यायची होती. पण मानक थांबू देत नाही. देणे संभाव्य असेल आणि त्याचा वाजवी अंदाज करता येत असेल तर त्याच तिमाहीत तरतूद करायची. अंदाज एका आकड्याचा नसून पट्ट्याचा असेल आणि त्यातला कोणताच आकडा अधिक रास्त नसेल तर निदान खालच्या टोकाची. विम्याकडून येण्याजोगी रक्कम वेगळी दाखवायची. २०१८ साली ज्यूरीने भागीदारीला दोषी ठरवले, आणि २०२२ साली मच्छीमार व मालमत्ताधारकांशी २३ कोटी डॉलरची तडजोड झाली. सात वर्षांच्या तिमाही टिपा एकापुढे एक ठेवून वाचल्या तर एका गळतीची किंमत हळूहळू कशी उमगत गेली ते दिसते.

दुसऱ्या टोकाला असे देणे आहे ज्याची तारीखच ठरत नाही. २००१ च्या मानकानुसार, मालमत्ता शेवटी मोडून काढण्याची कायदेशीर जबाबदारी असेल तर तिची आजची किंमत आजच देणे म्हणून लिहायची. पण नीट देखभाल केली आणि मागणी राहिली तर पाइपलाइन किती वर्षे चालेल याला ठाम उत्तर नाही. बकआयची सुरुवात १८८६ ची आहे हे आठवावे. म्हणून कित्येक वाहिन्यांबाबत संस्था लिहितात की मोडण्याची वेळ ठरवता येत नसल्याने रक्कम नोंदलेली नाही. तेलाची मागणी ओसरण्याची चर्चा जगभर चालू असताना या वाक्याकडे पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने पाहायला हवे.

सही कोणाची

१६ ऑक्टोबर २००१ रोजी एन्रॉनने आपल्या तिसऱ्या तिमाहीचे निकाल जाहीर केले: ६१.८ कोटी डॉलरचा तोटा. भागभांडवलात झालेली १२० कोटी डॉलरची घट प्रसिद्धीपत्रकात नव्हतीच, ती विश्लेषकांशी झालेल्या दूरध्वनी संभाषणात पुढे आली. पत्रकासोबत ताळेबंद जोडलेला नव्हता. या घटीची मुळे एन्रॉनच्याच अधिकाऱ्याने चालवलेल्या, हिशेबाबाहेर ठेवलेल्या भागीदाऱ्यांत होती. २ डिसेंबरला एन्रॉन दिवाळखोरीत गेली. एका तिमाही निकालापासून शेवटापर्यंत सात आठवडेही लागले नाहीत.

२००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य वित्त अधिकारी यांना प्रत्येक तिमाही अहवालावर जबाबदारीची सही करायला लावली. २००३ साली आलेल्या नियमाने, ज्या संस्थेवर नियंत्रण मतांनी नसून करारांनी चालते तिचाही हिशेब खऱ्या लाभधारकाने आपल्या वहीत घ्यावा असे ठरले. पाइपलाइनच्या संयुक्त उपक्रमांना हा नियम रोज लागतो, कारण तिथे मालकी आणि नियंत्रण सहसा एकाच हाती नसते.

तिमाही हिशेबाचे पूर्ण लेखापरीक्षण मात्र होत नाही. २००० सालापासून अमेरिकेत दाखल करण्याआधी स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून पुनरावलोकन सक्तीचे आहे. तो प्रश्न विचारतो, आकड्यांची तुलना करतो, विसंगती शोधतो. तो साठा मोजत नाही आणि बँकेकडून शिल्लक पडताळत नाही. म्हणून पानावर ‘अलेखापरीक्षित’ असे लिहिलेले असते, आणि या मुदतीचे निकाल पूर्ण वर्षाचे निदर्शक असतीलच असे नाही, हेही.

तिमाहीऐवजी सहामाही अहवाल पुरे, असे अध्यक्ष ट्रम्प यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये सुचवले. युरोपातही दशकापूर्वीच तिमाहीची सक्ती काढली गेली. सर्वसाधारण कंपन्यांबद्दल मत काहीही असो, जी संस्था दर तिमाहीला रोकड वाटते तिने दर तिमाहीला हिशेब दिलाच पाहिजे असे मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडचा धागा

भारतात एमएलपी नाही, पण तिची चुलत बहीण आहे: पायाभूत सुविधा गुंतवणूक न्यास, म्हणजे इन्विट. सेबीचे नियम २०१४ चे. काकीनाड्याहून भरूचला जाणारी सुमारे १,४८० किलोमीटरची पूर्व-पश्चिम वायुवाहिनी आंध्र, तेलंगण, कर्नाटकातून महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत जाते. २०१९ साली ब्रुकफिल्डने इंडिया इन्फ्रास्ट्रक्चर ट्रस्टमार्फत ती सुमारे १३,००० कोटी रुपयांना घेतली. या न्यासाला आज एनर्जी इन्फ्रास्ट्रक्चर ट्रस्ट म्हणतात. निव्वळ वितरणयोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटण्याची सक्ती इथे करारातून नव्हे, तर नियमातून येते. त्यातून एक लक्षणीय पेच झाला. भारतीय लेखामानक ३२ नुसार, वाटायचेच असे बंधन असेल तर युनिटाच्या भांडवलात देण्याचाही अंश येतो. सेबीच्या आदेशानुसार मात्र ते सगळे भांडवल म्हणून दाखवायचे असते, आणि हा फरक न्यास आपल्या टिपांत नोंदवतात.

ज्या मराठी वाचकांनी असे युनिट घेतले आहे किंवा घेण्याचा विचार चालवला आहे, त्यांना एकच आग्रहाची विनंती. वाटपाचा टक्का पाहण्याआधी त्या वाटपाची फोड पाहा: व्याज किती, लाभांश किती आणि कर्जपरतफेडीच्या नावाने परत येणारे तुमचेच मुद्दल किती. २०२३ च्या वित्त कायद्यापासून या तिसऱ्या भागाच्या करआकारणीचे नियम बदलले आहेत. ही फोड न्यासाने जाहीर केलेल्या प्रत्येक वाटपासोबत दिलेली असते.